मुकादमाची शिटी

...नाई, मी म्हणतो, चालाले मास्तर लावला होता का कोणी? हासाले लावला होता? मंग खेळाले काय मास्तर लागते का? पण आमच्या घरी लागते म्हणतात. सूनबाई म्हणते, मामाजी, आता खेळाचे क्लास असतात, कोच असतो, ड्रेस असतो, बूट वेगळे, पाण्याची बाटली वेगळी... अन् पोट्टं कुठं आहे? पोट्टं पलंगावर. हातात मोबाइल, अन् त्या मोबाइलमंदी दुसरंच कोणाचं तरी पोट्टं पळून राहिलं, उड्या मारून राहिलं, भिंतीवर चढून राहिलं, अन् आमचा लोळून लोळून त्याले पाहून राहिला. घाम कोणाले? कोणालेच नाई.

मी पुंजाजी. अकोल्यात कापसाच्या जिनात चौतीस वर्षं मुकादम होतो. शाळा चौथीपर्यंत, पण शिटी वाजवली का शंभर माणूस जागच्या जागी उभं. आता अमरावतीले पोराकडे राहतो, दुसऱ्या मजल्यावर. पोरगा नागसेन, सरकारी नोकरीत. सून माधवी, शाळेत मॅडम. नातू सम्यक, नऊ वर्षांचा. अन् माही बुढी सुंदराबाई. हे चौघं, पाचवा मी. चौघं बोलतात, अन् पाचवा सांगते. समजलं नं? बोलणं वेगळं, सांगणं वेगळं. दिवा बंद करा, हे सांगणं. नळ घट्ट करा, हे सांगणं. भाजीत मीठ कमी आहे, हेही सांगणंच. घर असंच चालते.

तं तुमाले सांगतो, सुरुवात झाली जयंतीच्या मिरवणुकीत. चौदा एप्रिल. वस्तीतल्या पोरायचं लेझीम पथक होतं, पांढरे सदरे, निळे फेटे, अन् सम्यकचा फेटा मी बांधला, स्वतः, असा ताठ बांधला का पोट्ट्याचे डोळेच बारीक झाले. मिरवणूक निघाली, ढोल वाजला, आमचा लेझीम घेऊन नाचला... कुठवर? शाळेच्या कोपऱ्यापासून पेट्रोल पंपापर्यंत. मधात विजेचे दोन खांब आहेत, तिसरा नाई. तिथं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला, तोंड लाल, अन् लोहाराचा भाता चालावा तसा दम. मागून साठ-साठ वर्षांच्या बाया नाचत आल्या अन् त्याच्या समोरून पुढं गेल्या. एक तं त्याले पाणी पाजून गेली, अन् पुढच्या खांबापाशी पुन्हा नाचाले लागली. मी त्याचा फेटा सोडला, घडी केली, बगलेत मारली. मिरवणूक पुढं चालली, अन् पुंजाजीचा नातू पायरीवर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. त्यानं छाती पाहिली, वजन पाहिलं, रक्त काढलं, सारं नीट. विचारलं, हा खेळतो काय? सूनबाई म्हणते, खेळतो नं सर, कॅरम खेळतो. डॉक्टर म्हणते, धावतो का? सूनबाई म्हणते, बस सुटत असली तर धावतो. मंग डॉक्टरनं चष्मा काढला अन् म्हणलं, "याला औषध नाही. याला रोज तासभर बाहेर खेळू द्या. महिन्याने पुन्हा आणा. आणि बरं का, खेळवू नका. खेळू द्या."

मी मनात म्हणलं, खेळवू नका, खेळू द्या... एकच झालं. शिकलेल्या लोकायले एक गोष्ट दोनदा सांगाची सवय असते.

घरी बैठक बसली, कुलरसमोर. सूनबाई म्हणते क्लास. वाईट नाई आमची सूनबाई, समजून घ्या, लेकराची काळजी आहे तिले, पण तिनं एक कागदच काढला, त्यावर सोमवार क्रिकेट, मंगळवार स्केटिंग, बुधवार योगा... मी म्हणलं, पोट्ट्याले खेळाले पाठवून राहिली का नोकरीवर? नागसेन म्हणते, बाबा, मी त्याले घड्याळ घेऊन देतो, आजकाल घड्याळ येते, पावलं मोजते, दिवसाची सहा हजार पावलं झाली का टुणकन वाजते. मी म्हणलं, पावलं मोजून कोणी खेळते का? अन् सम्यक? सम्यक आम्हा तिघायच्या मधात बसून मोबाइलच पाहून राहिला. म्हणजे ज्याची बैठक, तोच गैरहजर.

मले राग आला. आता राग आला का मी लांब बोलत नाई. मी उभा राहिलो अन् म्हणलं, "एक महिना. एका महिन्यात हा पोट्टा कोणी न सांगता, आपल्या पायानं खेळाले खाली उतरला नाई, तं ह्या घरात पुंजाजी कोणाले एक शब्द सांगणार नाई. भाजीत मीठ नसलं, तरी नाई. नळ चालू राहिला, तरी नाई."

अन् मंग आमची बुढी, सुंदराबाई, जिनं लग्नाच्या सेहेचाळीस वर्षांत माह्या कोणत्याच बोलण्यात रस घेतला नाई, ते एकदम सरसावून बसली अन् म्हणते, "महिना कायले? आठच दिवस करा नं."

पहा आता.

घड्याळ मात्र आलं. नागसेननं आणलंच. सम्यकच्या हातावर बांधलं, अन् पहिल्या दिवशी संध्याकाळी वाजलं की हो टुणकन. सहा हजार. मी चकित. सूनबाईनं डॉक्टरले फोन लावाची तयारी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टुणकन. तिसऱ्या दिवशी मी पाहतो तं घड्याळ स्वयंपाकघरात, सुंदराबाईच्या मनगटावर, अन् ते बसून कळण्याच्या भाकरी थापून राहिली. थप थप थप थप. मी म्हणलं हे काय? ते म्हणते, नातवानं बांधून देल्लं, म्हणे आजी, तुले छान दिसते. म्हणजे आमची बुढी पोळपाटासमोर बसल्या बसल्या तीन दिवसात अठरा हजार पावलं चालली. चिखलदऱ्याचा अर्धा घाट चढून गेली असती. पोट्टं बिनडोक नाई, एवढं मले त्या दिवशी समजलं. डोकं माह्यावर गेलं. पाय कोणावर गेले, देव जाणे... म्हणजे, कोणी का जाणेना.

मंग मी काम हातात घेतलं. म्हणलं, क्लास नको, घड्याळ नको, खेळाले काय मास्तर लागते का? आपण आहोत.

बिल्डिंगच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे, भोवती तारेचं कुंपण, मधात निंबाचं जुनं झाड. मी बाभळीचा दांडू करून आणला, विटी तासली, अन् ट्रंकेतून काय काढलं? जिनातली शिटी. पितळेची. चौतीस वर्षं वाजवलेली, अजून तसाच आवाज, दोन मोहल्ले जागे होतात. उन्हाळ्याचे दिवस, आमच्याकडे आठ वाजता उन्ह असं चटकते का कावळाही सावली पाहून बसते, म्हणून टाइम ठेवला पहाटे साडेपाच. साऱ्या बिल्डिंगले सांगून ठेवलं. पहिल्या दिवशी अकरा पोट्टे आले. अकरा, हो. डोळे चोळत, पण आले. आयायनं ढकलले असतील, पण आले.

आता कोणतंही काम असो, आधी हजेरी. मी वही काढली. नाव, वय, मजला. मंग रांग. उंचीप्रमाणं. रांगेत दोघं हासले, मी म्हणलं, "कोण हासलं बे?" मंग जागा साफ. जिनात आमी आधी जागा झाडत होतो, मंग सरकी काढाचे रेचे चालू होत. तसे पोरायले खडे वेचाले लावले, काचा उचलाले लावल्या, अर्धा तास. जागा अशी झाली का जेवण वाढा. मंग मी विटीदांडूचे नियम सांगितले. गल्ली कशी कोराची, विटी कशी ठेवाची, कोल कसा माराचा, झेल गेला तं काय, दांडूले दगड लागला तं काय... नियम झाले अन् वर पाहतो तं उन्ह निंबाच्या शेंड्यावरून खाली आलं. मी शिटी वाजवली. म्हणलं, आज इतकंच. खेळ उद्या.

दुसऱ्या दिवशी सात आले.

आता त्यात एक पोरगी आहे, जुईली, पहिल्या मजल्यावरची, दहा वर्षांची, बोलाले तिखट. तिच्या हाती दांडू देल्ला. तिनं असा टोला मारला, असा मारला का विटी थेट तारेच्या पलीकडे. पोट्टे ओरडले. मी शिटी वाजवली. म्हणलं, बाद. पाय गल्लीच्या पुढं होता. नियम म्हणजे नियम. ते माह्याकडे पाहत राहिली, अन् म्हणते, "आबाजी, आपण खेळणार कधी?"

मी म्हणलं, "खेळूनच तं राहिलो."

ते म्हणते, "हे? हे तर शाळाच झाली."

तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी सम्यक अन् एक कुत्रं. कुत्र्याचं नाव हजेरीत नव्हतं, पण ते पूर्ण वेळ थांबलं.

त्यात तळमजल्यावरचे वामनराव. रिटायर वकील. सकाळी लुंगीवर बाहेर आले अन् एकदम पुस्तकासारखे बोलले, "पुंजाजीराव, आपल्या उद्देशाबद्दल मला आदर आहे, परंतु ही शिटी माझ्या उशीखाली वाजते." मी म्हणलं, मंग पोट्टे जागे कसे होतील? ते म्हणाले, पोट्टे होत नाहीत, मीच होतो. गोष्ट खोटी नव्हती. टाइम बदलला. संध्याकाळी सहा.

संध्याकाळी बिल्डिंगमधले पोट्टे पुन्हा जमले, म्हणजे आयायनं पुन्हा ढकलले. मी निंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली, काठी मांडीवर, डोक्यावर दुपट्टा, शिटी गळ्यात. आता गोष्ट अशी का माणूस चार वाजता उठते पहाटे, दुपारी कुलर बंद पडते लाइन गेली म्हणून, मंग संध्याकाळी निंबाची हवा लागली का... लागते डोळा. पण पूर्ण नाई. मी डोळे मिटून पाहत होतो. खोकला आला का जाग यायची, अन् जाग आली का मी पहिले शिटी वाजवत होतो, मंग ओरडत होतो, "हजेरी!", अन् मंग पाहत होतो का झालं काय. झालं काही नसे. पोट्टे बसलेले. मी म्हणो, बसले काहून? तं म्हणत, आबाजी, तुम्ही झोपले होते, मग नियम कोणाला विचारायचा? म्हणजे पाहा, माही झोप मोडू नाई म्हणून खेळ बंद. मी म्हणलं, मी झोपलो नव्हतो. जुईली म्हणते, मग घोरत कोण होतं? मी म्हणलं, "कोण हासलं बे?"

असे करत महिन्याचे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी सम्यकच्या पोटात दुखाले लागलं. चौदाव्या दिवशी डोकं. पंधराव्या दिवशी पावणेसहाले पोट्टंच सापडेना. पलंगाखाली नाई, गच्चीवर नाई. शेवटी सुंदराबाईले संडासचं दार आतून बंद दिसलं. मी दारावर काठी वाजवली. म्हणलं, बाहेर ये. तो आला. रडून रडून तोंड ओलं, अन् तोच दम, पेट्रोल पंपापाशी दुकानाच्या पायरीवरचा. धावला नाई, नाचला नाई, तरी तोच दम. अन् मले म्हणते, "आबाजी, मला नाही आवडत खेळ. मला नाही खेळायचं. कधीच."

कधीच.

नऊ वर्षांचं लेकरू. मी त्याले काही सांगितलं नाई. काठी कोपऱ्यात ठेवली अन् गॅलरीत जाऊन बसलो.

बुढी मागून आली. चहा ठेवला. म्हणते, "तुमी लहानपणी कोणाले विचारून खेळत होता?"

आता हे कोणी विचारलं नव्हतं मले आजवर. मी आठवाले लागलो. बाप वावरात जवारीवर पाखरं हाकलाले पाठवे, हाती गोफण देऊन. आमी पाच-सहा पोट्टे, सारेच राखणीवर, गोफणी बांधावर टाकून देत होतो अन् डाबडुबली खेळत होतो. काडी लांब फेकाची, ज्याच्यावर दाम तो काडी आणाले पळते, तवर बाकीचे झाडावर. इकडे पाखरायनं कणसं खाल्ली का बाप यायचा, हाती तुराटी, दुरूनच खोकलायचा, अन् खोकला ऐकला का आमी असे पळत होतो, असे पळत होतो... पळाले कोणं शिकवलं? तुराटीनं. नियम कोणं सांगितले? कोणंच नाई, भांडण झालं का नियम तयार. बाप झोपला असला मचाणावर, तं तो दिवस सोन्याचा. आमी जेवढे खेळलो ना, बापाच्या झोपेत खेळलो.

हे मी बुढीले सांगितलं नाई. चहात साखर कमी आहे, एवढंच सांगितलं. ते म्हणते, बोलून घ्या, अजून पंधरा दिवस आहेत.

शिटी मी ट्रंकेत टाकाले गेलो, पण ट्रंकेची किल्ली सापडेना, म्हणून दारामागच्या खिळ्याले लटकवली. खुर्ची निंबाखालीच राहिली. वही राहिली. हरलो असं मी म्हणलं नाई कोणाले. पण हरलेल्या माणसाची प्रॅक्टिस सुरू केली. वरणात मीठ नव्हतं, मी जेवलो. नागसेननं दिवसा दिवा लावून ठेवला, मी दिव्याकडे पाहत बसलो. नळ टपटप करून राहिला, अन् बुढीनं तो मुद्दाम ढिला ठेवला होता, मले माहीत आहे, पण मी चूप. ओठ दुखाले लागले. सूनबाई घाबरली, म्हणते, मामाजी, बरं वाटत नाही का? तिले वाटलं मले काही झालं. मी म्हणलं, काही नाई, पगारी सुट्टीवर आहो. अन् सूनबाईनं क्लासचा तो कागद पुन्हा काढला, पहिली तारीख ठरवली. कोण अडवते? खेळाले काय मास्तर लागते का, हे विचारणारा माणूसच ह्या घरात उरला नव्हता.

सत्ताविसावा दिवस. शनिवार. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. मी आतल्या खोलीत गेलो तं मोबाइल पलंगावर पडला, चालू. त्याच्यातलं ते पोट्टं पळून राहिलं, भिंतीवर चढून राहिलं, नाणी वेचून राहिलं... अन् पाहणारा कोणीच नाई. मी चपलांच्या रॅककडे पाहिलं. सम्यकचे बूट नाई. दारामागं पाहिलं. शिटी नाई.

अन् तेवढ्यात खालून माहा आवाज आला.

तुमाले सांगतो, मी वर उभा, तोंड बंद, ओठ दुखून राहिलेले, अन् माहा आवाज खाली प्लॉटवर. "कोण हासलं बे?" तोच. तसाच. मंग खोकला. तोही माहा, शेवटी जो एक ठसका लागते, तो ठसकाही माहा. मंग शिटी. मंग, "हजेरी!"

मी अनवाणी उतरलो. दोन मजले. अन् पाण्याच्या टाक्याच्या आड उभा राहिलो, चोरासारखा.

निंबाखाली खुर्ची. खुर्चीवर मी. म्हणजे जुईली, पण डोक्यावर तिच्या आईची ओढणी, दुपट्ट्यासारखी बांधलेली, मांडीवर काठी, गळ्यात शिटी, मान अशी लटकलेली, तोंड उघडं, अन् घोरून राहिली. घोरण्यात मधी थांबते मी, म्हणतात, ते थांबणंही तिनं घेतलं. बाकीचे नऊ-दहा पोट्टे तारेपाशी, अन् ते चवड्यावर, चोरपावलानं खुर्चीकडे येऊन राहिले. खुर्चीले हात लावाचा अन् परत पळाचं. पण मुकादम खोकलला का साऱ्यायनं निंबाकडे धूम, खोडाले हात नाई तं झाडावर. जो मधात सापडला, त्याच्यावर दाम, मंग तो मुकादम. खेळाचं नाव काय? विचारूच नका. "मुकादम-मुकादम."

आमचं नाव चौतीस वर्षांत जिनाच्या फाटकावर नाई लागलं. इथं लागलं.

अन् सम्यक? सम्यक सर्वांच्या पुढं. पोट आत ओढून, जीभ बाहेर काढून, एक एक पाऊल. घड्याळ हातावर नव्हतं, मी मुद्दाम पाहिलं. खुर्चीले हात लावला त्यानं. जुईली खोकलली, अन् पोट्टं असं पळालं... सरळ निंबावर. पहिल्या फांदीवर. गुडघा सोलला, चड्डी फाटली, दम लागलेला, तोच भाता, अन् त्याच भात्यातून पोट्टं हासून राहिलं. पुन्हा उतरलं. पुन्हा तारेपाशी. पुन्हा आलं. मी मोजत होतो. खांबाचा हिशेब धरा तं पेट्रोल पंप केव्हाच मागं पडला होता. सहावा खांब, सातवा खांब...

आता मले खोकला येतेच संध्याकाळी. मी दाबला. पदर नसते माणसाले, दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं. पण खोकला काय दाबून राहते? आला. खरा. ठसक्यासकट.

अन् पाहा, सारे पोट्टे, जुईलीसकट, खुर्चीवरची मुकादम सुद्धा, निंबावर. एका झटक्यात. झाडाले पानं कमी अन् पोट्टे जास्त. प्लॉट रिकामा. मी टाक्याआडून पुढं आलो, तं मधात मी एकटा, अनवाणी.

पोरायले वाटलं आता शिटी, आता रांग, आता खडे वेचा. अन् खोटं कायले बोलू, तोंडाशी आलंच होतं माह्या, का तारेपासून खुर्चीपर्यंत एक रेघ आखा, पाय रेघेच्या आत पाहिजे, हात लावला तं दोन बोटं का चार हे ठरवा... मी म्हणलं, "अरे, असं नाई. ह्या खेळाचा एक नियम..."

तं वरून, फांदीवरून, माहाच आवाज आला. पण ह्या वेळी सम्यकच्या तोंडून. घरात, शाळेत एकदम शुद्ध बोलणारा पोट्टा, आईनं तसंच शिकवलं त्याले, तो म्हणते, "खेळाले काय मास्तर लागते का, आबाजी?"

पोट्टे असे हासले का निंबोळ्या पडल्या खाली.

मी विचारलं नाई कोण हासलं ते. समोरच दिसत होते सारे.

जुईली मंग खाली उतरली. ओढणी सोडली, माह्यासमोर उभी राहिली, अन् एकदम कामाचं बोलली. म्हणते, "आबाजी, मधात तुम्ही सापडले. दाम तुमच्यावर." नियम म्हणजे नियम. मी विचारलं, कराचं काय? ते म्हणते, काही नाही, खुर्चीत बसायचं अन् झोपायचं. मी म्हणलं, मी झोपत नाई. तं दहाही पोट्टे एकदम म्हणतात, "झोपता!"

बसलो मंग. डोळे मिटले. अंगावरून हवा जाऊन राहिली, अन् आजूबाजूले, इकडून तिकडून, लहान लहान पायांचे आवाज... चप चप चप... अन् मंग खुर्चीच्या दांडीवर एक ओला, घामेजला हात. कोणाचा, मले न पाहता समजलं. मी खोकललो नाई लगेच. उलसा वेळ जाऊ देल्ला.

घरी गेलो. सारे जेवाले बसले होते. मी म्हणलं, महिना संपाले तीन दिवस बाकी आहेत अन् पोट्टा आपल्या पायानं उतरला, कोणी न सांगता. मी जिंकलो. वरणात मीठ कमी आहे, अन् तो नळ घट्ट करा. नागसेन म्हणते, हाव बाबा, जिंकले. सूनबाईनं क्लासचा कागद घडी करून डब्याखाली ठेवला. बुढीचं तोंड मात्र पडलं. ते म्हणते, बारा दिवस किती छान गेले होते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. वजन तेवढंच, पण दोन मजले चढून गेला पोट्टा, लिफ्ट बंद होती, अन् वर गेल्यावर बोलून राहिला, थांबतच नव्हता. डॉक्टर खुश. विचारलं, कोणता क्लास लावला? सम्यक म्हणते, आबाजी झोपतात. डॉक्टरले काही समजलं नाई. त्यानं कागदावर लिहिलं, "असेच चालू ठेवा."

म्हणून चालू आहे. रोज. चौतीस वर्षं ह्या पुंजाजीनं शंभर शंभर माणूस जागं ठेवलं, रात्रपाळीले डुलकी घेणाऱ्याच्या कानाशी शिटी वाजवली, अन् आता बरोबर सहाले नातू दारात उभा राहते, घामाचा सदरा कालचाच, अन् म्हणते, चला आबाजी, झोपायची वेळ झाली. वही जुईलीकडे आहे. हजेरी ते घेते. काल मी सहा वाजून पाच मिनिटांनी गेलो, तं खाडा लावला तिनं माहा. अन् परवा खरंच डोळा लागला माहा, गाढ, तं साऱ्यायनं ठरवलं, हा मुकादम चांगला आहे, हाच ठेवू.

तं आता कोणी विचारलं, खेळाले काय मास्तर लागते का, तं मी सांगतो, नाई लागत. मोकळी जागा लागते, एखादं झाड लागते, अन् एक झोपलेला बुढा लागते. बस.

चाला, सहा वाजले. चाललो मी कामावर.